उषाबाईची वाघळं

सुरतेतल्या आमच्या पांडेसऱ्याच्या चाळीत आखाजी जवळ आली की बायकांच्या दोन जाती पडत. ज्यांना न्यायला भाऊ आला त्यांची एक, आणि ज्यांचा भाऊ आला नाही त्यांची दुसरी. मी जालन्याकडची, त्यामुळे मला या भानगडीतून सूट होती. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आमरस ओरपायचा आणि दुपारी ताणून द्यायची, एवढाच सण. पण चाळीतल्या निम्म्याहून जास्त खोल्या खानदेशी. खानदेशी बाईला दिवाळीत माहेर नाही मिळालं तरी ती निभावून नेते. आखाजीला नाही मिळालं तर पावसाळ्यापर्यंत तिचं तोंड उतरलेलं. तिकडे झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी असतात, सांजोऱ्या तळल्या जात असतात. आणि हे सगळं मिळायचं तर भावाने स्वतः न्यायला यावं लागतं. न्यायला येणारा तो मुराळी.

मी चाळीत नवीन होते तेव्हा एकदा शहाणपणा केला होता. म्हणाले, "त्यात भावाची वाट कशाला बघायची? सुरतेच्या टेसनात भुसावळच्या गाडीत बसायचं, अमळनेरला उतरायचं. पाय हायेत की तुम्हाला."

उषाबाई साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बिगर बोलावता मानूस फक्त मयतले जास, छाया."

ही उषाबाई माझी शेजारीण, भिंतीला भिंत. तिचीच गोष्ट सांगतेय, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या. इतकी वर्षं झाली, तरी तिचा भाऊ आठवला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

उषाबाई उंच, काटक, बोलायला मोजकी. नवरा हिलाल मिलमध्ये, साड्यांना रंग द्यायच्या मशीनवर. त्याचे हात कोपरापर्यंत कधी जांभळे, कधी हिरवे. माणूस गरीब गाय. कुणीही काहीही सांगावं आणि त्याने मान डोलवावी. मुलगा वाल्मिक वापीला नोकरीला. माहेर अमळनेरचं, तिथे एकच धाकटा भाऊ, योगराज. आई गेली तेव्हा तो रांगत होता. उषाबाईने त्याला कडेवर वाढवला. ती बोहल्यावर उभी राहिली तेव्हा हा अंतरपाटाखालून घुसून तिचा शालू धरून बसला होता, आणि भटजींनी कितीही सांगितलं तरी सोडायला तयार नव्हता. ही गोष्ट मी तिच्याकडून दर आखाजीला ऐकली आहे.

बाप होता तोवर बापाने योगराजला न चुकता मुराळी म्हणून धाडलं. बाप गेला, आणि पुढच्या वर्षी बैल आजारी पडला. त्याच्या पुढच्या वर्षी भाऊबंदात लग्न निघालं. त्यानंतर मुराळीही आला नाही आणि कारणही आलं नाही.

नळावर चौकशा करणाऱ्यांची चाळीत कमतरता नव्हती. समोरच्या खोलीतली धुरपदाबाई तर हंडे भरायला सगळ्या जमल्या की मुद्दाम विचारायची, "काय व उषाबाई, यंदा बी मुराळी नही उना का?"

उषाबाई चुंबळ नीट करत म्हणायची, "तो येस ना. मीच जास नही. मना झाडंस्ले पानी कोन घाली?"

यावर धुरपदाबाईचं तोंड बंद व्हायचं. कारण झाडं होती, आणि वैशाखात एक दिवस पाणी चुकलं तर ती माना टाकतात हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

ती झाडं चाळीत कशी आली तेही ऐकण्यासारखं आहे. अठवा लाइन्सला एका शेठच्या बंगल्यावर उषाबाई तयार साड्या पोचवायला जायची. शेठला परदेशी झाडांचा शौक. त्याने कुठूनतरी एक झाड मागवलं. मोठी हिरवीगार पानं, हळदीच्या पानांच्या जातीची वाटावीत अशी. सगळं ठीक चाललं होतं. पण त्याला पहिलं फूल आलं ते नेमकं शेठच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी. आणि फूल कसलं! काळं, म्हणजे खरोखरच काळं, वांग्याच्या सालीहून काळं. वर दोन पंख पसरलेले, मध्ये बोंडांचा झुबका, आणि खाली हातभर लांब मिशा लोंबणाऱ्या. दारात वटवाघूळ टांगलंय असं वाटून शेठाणी किंचाळली. साखरपुड्याच्या घरात अपशकुन नको म्हणून मगन माळी कुंडी उचलून मागच्या दाराने निघाला, आणि तिथे त्याला उषाबाई भेटली.

"मगनभाई, क्यां लई जाव छो?" तिने विचारलं.

"उकरडे. शेठाणी कहे छे, चामाचीडियुं छे."

उषाबाईने कुंडी मागून घेतली. मगन भला माणूस होता. जाता जाता म्हणाला, "छांयडामां राखजे बेन, तडको लागशे तो मरी जशे." सावलीत ठेव, उन्हाने मरेल, एवढंच काय ते शिक्षण तिला त्या झाडाचं मिळालं.

ती कुंडी रिक्षातून मांडीवर घेऊन आली तेव्हा मी दारातच होते. खरं सांगते, फूल पाहून मी बाजूला जाऊन थुंकून आले. "हे काय काळतोंडं उचलून आणलंस बाई?" असं मी म्हटलं.

"साखरपुडाना घरमातून त्याले हाकली दिनं," ती म्हणाली. "माले बरं नही वाटनं."

आमच्या खोल्यांच्या मागे मिलची उंच भिंत होती. भिंत आणि खोल्या यांच्यामध्ये एक अरुंद बोळ. तिथे ऊन कधी उतरत नसे, आणि भिंतीवरून गेलेला वाफेचा पाइप बाराही महिने फुसफुसत असे. त्या बोळात कपडे वाळत घालायची सोय नव्हती, कारण ते वाळतच नसत. आम्हाला त्या बोळाचा काडीचा उपयोग नव्हता. पण त्या झाडाला तो असा मानवला की बस्स. सावली, ऊब, दमट हवा. शेठच्या बंगल्यावर जे मिळालं नसेल ते त्याला पांडेसऱ्यात फुकट मिळालं.

तरी सुखासुखी नाही आलं. पहिल्या वर्षी उषाबाईने चिकट माती घातली आणि मुळं कुजायला लागली. मग तिने मारुतीच्या देवळामागून नारळाच्या शेंड्या गोळा करून कुटल्या, कुजलेला पाला आणि तापीची रेती त्यात मिसळली. नळाचं पाणी ती लगेच घालायची नाही, एक दिवस माठात निवू द्यायची. बॉयलरची काजळी पानांवर बसायची, ती ओल्या फडक्याने पुसायची. पावसाळ्यात गोगलगायी हाताने वेचायच्या, आणि उतराणीच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमाराला गार वारा सुटला की बोळाच्या तोंडाला गोणपाट टांगायचं. उन्हाळ्याच्या तोंडावर ती कंद उकरायची, त्याचे तुकडे करायची आणि कापल्या जागी चुलीची राख फासायची. असं करत करत एका कुंडीचा बोळभर पसारा झाला. काही कुंड्यांत, काही डब्यांत, काही भिंतीच्या कडेने थेट जमिनीत. श्रावणापासून दिवाळीपर्यंत त्या बोळात काळी वाघळं टांगलेली असत.

चाळीने नाकं मुरडली, ते ओघाने आलंच. कुणाचं मूल तापलं की वाघळं. कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेली की वाघळं. प्लेगाच्या साली अख्खी सुरत गावाकडे पळाली तेव्हा धुरपदाबाई ट्रंक डोक्यावर घेऊन जाताजाता सांगून गेली, हे समदं त्या वाघळंसमुळे. आम्ही जालना गाठलं. उषाबाई आणि हिलाल त्याच्या गावी गेले. अमळनेराहून, तुम्ही आमच्याकडे या, असा निरोप तेव्हाही आला नाही. आणि सगळ्यांच्या आधी परतली ती उषाबाईच. मिल बंद, वाफ बंद, पानं भुईला लागलेली. ती बोळात गरम पाण्याची घमेली नेऊन ठेवायची, तेवढीच वाफ. आम्ही परतलो तोवर झाडं उभी राहिली होती. तेव्हापासून मी त्यांना काळतोंडं म्हणायचं सोडलं.

पुढे एका कार्तिकात योगराज आला. मुराळी म्हणून नव्हे. भाऊबंदातल्या कुणाची लग्नपत्रिका द्यायला. इस्त्रीची पँट, डोळ्यांवर गॉगल, बोलणं अर्धं गुजराती. बोलता बोलता कळलं की तो कामरेजला एका नर्सरीत मुकादम आहे, आणि लागून बरेच दिवस झालेत. कामरेज म्हणजे आमच्यापासून बसने दोन घास खाईपर्यंत येतं. मी दारातून ऐकत होते, मला राहवलं नाही. "इतक्या जवळ राहून बहिणीची आठवण नाही झाली व्हय?" असं मी विचारलंच. तो हसला. उषाबाईनेच त्याची बाजू घेतली.

"त्याले काम ऱ्हास ना व," ती म्हणाली.

तो हात धुवायला मागे गेला, आणि तिथेच राहिला. चहा निवला. उषाबाई बोलवायला गेली तर हा बोळात उकिडवा बसून एकेक पान उलटून बघत होता. त्या मोसमाची शेवटची फुलं होती.

"ताई, हाई तू लायेल शे?"

"मी नही तं कोन?"

"समदं?"

"समदं."

ती त्याला हरखून दाखवत राहिली. माझ्या मात्र त्याची नजर डोक्यात राहिली. आमच्या घरमालकाची भाडं वाढवायच्या महिन्यात खोल्यांवरून अशीच नजर फिरायची.

आणि पुढच्या आखाजीला योगराज मुराळी म्हणून आला. अगदी नळाच्या वेळेला, सगळ्यांदेखत. नवा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. धुरपदाबाईचा हंडा भरून वाहायला लागला तरी तिला भान नव्हतं. उषाबाई टिकल्यांच्या डिंकाने माखलेल्या हातांनी तशीच बाहेर आली. भावाच्या गालावरून हात फिरवला, त्याच्या गालाला टिकल्या चिकटल्या, आणि मग दोघं हसली. त्या दिवशी ती सगळ्या चाळीला सांगत फिरली, "मना भाऊ उना." ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांनासुद्धा सांगितलं.

झाडं माझ्यावर सोपवली. माठातलं पाणी, फडकं, सगळं मला दोनदा समजावलं. आणि एक लहानशी कुंडी ओल्या लुगड्यात गुंडाळून स्वतःबरोबर घेतली.

"अगं, अमळनेरच्या वैशाखात हे जळून जाईल," मी म्हटलं.

"भाऊनंच सांगं, एक लई चाल म्हणीसन. माहेरले रिकामा हाते कसं जावानं?"

इतक्या वर्षांनी माहेरी निघालेल्या बाईला कोण अडवणार?

आखाजीच्या दिवशी सकाळी चाळ शांत होती. निम्म्या बायका माहेरी. मी बोळात पानं पुसत होते, तोच गल्लीत टेम्पो येऊन उभा राहिला. दोन माणसं उतरली, हातात फावडं आणि गोण्या. "योगराजभाई ने भेजा है," एकजण म्हणाला, "पौधे ले जाने के हैं."

मी बोळाच्या तोंडाशी आडवी उभी राहिले. हातात खराटा होता, तो तसाच. "कुणाचे पौधे? कुणाला इचारलं? चला निघा इथून."

एवढ्यात हिलाल बाहेर आला. सुट्टी होती, नुकताच उठला होता. मला वाटलं, चला, घरधनी आला, आता हा बघून घेईल. तर हिलाल माझ्याकडेच बघून म्हणाला, "जाऊ दे छाया. योगराजनं माले टेसनवर सांगं व्हतं. उषानं झाडं त्याले दियी टाकात."

"तिनं मला पाणी घालायला सांगितलंय. द्यायचं असतं तर फडक्यानं पानं कशी पुसायची ते समजावलं असतं का?"

हिलाल जांभळ्या हातांनी डोकं खाजवत राहिला. "बहीन-भाऊनी गोट शे," तो म्हणाला. "आपन मझार काय बोलानं?"

यापुढे माझं काय चालणार? नवरा म्हणतो दिली, भाऊ म्हणतो दिली, आणि मी कोण, तर शेजारीण. माझा नवरा मारुती आतून हाका मारत होता, की भांडण उकरू नको. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी कुंड्या उचलल्या. भिंतीकडेची झाडं फावड्याने उपटली; कंदांना फावडं लागत होतं ते मला ऐकू येत होतं. ज्यांना वारा सोसत नाही म्हणून उषाबाई गोणपाटं टांगायची, ती झाडं उघड्या टेम्पोत भर उन्हात रचली. एक कुंडी फुटली, ती तिथेच टाकून गेले. मी त्या माणसांना आणि योगराजला जे काही बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही.

उषाबाई परतली ती एकटीच. मुराळ्याने बहिणीला जसं न्यायचं तसं परत आणूनही सोडायचं असतं. योगराजने तिला गाडीत बसवून दिलं होतं. पण तिला त्याचं काही नव्हतं. अंगावर भावाने नेसवलेली हिरवी साडी, पिशवीत सांजोऱ्या. सामान खाली ठेवायच्या आधी माझ्या दारात उभी राहून बोलायला लागली. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"छाया, माले वाटे भाऊ बदली गया. पन नही व. रोज दुपारले मनाजोडे बसे. वहिनी झोपी जाये, आन हाऊ मनाजोडे बठेल. ताई, पानी कितलं घालस? राख कसाले लावस? हिवायामा काय करस? पान पिवळं पडनं तं काय करस? समदं इचारं. बाप गया तवयपासून मनासंगे कोनी इतलं बोलनं नही."

ती मला सांजोरी देऊ लागली, आणि मी घेईना, तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"काय व्हयनं?" तिने विचारलं. मग माझ्या उत्तराची वाट न बघता आत गेली आणि मागचं दार उघडलं.

रडण्याचा आवाज येईल म्हणून मी कान टवकारले. काहीच आलं नाही. थोड्या वेळाने मी गेले. ती बोळात, फुटक्या कुंडीजवळ बसली होती. हिलाल दाराशी उभा राहून एकच वाक्य परत परत म्हणत होता, की योगराजने त्याला सांगितलं होतं, तूच दिलीस म्हणून. त्याचाही चेहरा पडला होता, पण मला त्याची दया आली नाही.

उषाबाई भिंतीकडेचे खड्डे बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यानी समदं इचारं, छाया. माले वाटनं, तो मनीच चौकशी करी राहिना व्हता."

मी तिथेच तिच्याजवळ बसले. झाडं गेली होती त्याचं मला वाईट वाटत होतंच. पण वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेल्या त्या चार दुपारी त्याने परत काढून घेतल्या, हे मला सहन होईना. बहिणीने कौतुकाने सांगितलं, आणि हा ते टिपून घेत होता. माहेराला नेलेली ती लहान कुंडीसुद्धा त्याने ठेवून घेतली होती. उन्हात झाड किती सोसतं ते बघायला मागितली असणार ती.

"चल कामरेजला," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. मी येते. त्या नर्सरीच्या दारात उभं राहून असा तमाशा करते की त्याचा शेठ तुला हात जोडील."

"काय सांगसू तठे? मना भाऊनं चोरी कयी म्हणीसन?"

"केलीच की."

"मी कडेवर वाढायेल शे त्याले," ती म्हणाली, आणि उठून सांजोऱ्यांचा डबा काढायला गेली. त्या सांजोऱ्या तिने साऱ्या चाळीत वाटल्या. धुरपदाबाईने झाडांचं विचारलं तेव्हा म्हणाली, "भाऊले दिनात. माहेरले दिनं तं काय बिघडनं?" आणि धुरपदाबाईसुद्धा म्हणाली की बरं झालं, पीडा गेली. मला उषाबाईचाच राग आला. असल्या भावाला कसलं पाठीशी घालायचं? मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग माझंच मला कसंतरी वाटलं.

ते वर्ष तसंच गेलं. उषाबाई टिकल्या चिकटवायची, पाणी भरायची, गोड बोलायची. हिरवी साडी तिने ट्रंकेत तळाशी घातली ती पुन्हा नेसलेली मी पाहिली नाही. मागचं दार उघडायची, पण बोळात जायची नाही. मी एकदा म्हटलं की खड्डे तरी बुजवून टाकू, लोक पाय मुरगाळतील. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली. श्रावण आला, दिवाळी आली. भिंतीवरचा पाइप तसाच फुसफुसत होता आणि ती सगळी वाफ फुकट जात होती.

पुन्हा आखाजी आली, आणि पुन्हा योगराज आला. नळाच्याच वेळेला. हातात साडीचा पुडा. या वेळी गॉगल नव्हता, गाल आत गेले होते. मी हंडा तिथेच टाकला आणि त्याच्यासमोर गेले. "आता काय राहिलंय न्यायचं?" मी विचारलं. तो मान खाली घालून माझ्या बाजूने आत गेला.

आमच्या खोल्यांमधली भिंत म्हणजे नावाची. पलीकडे कुणी सुस्कारा टाकला तरी अलीकडे ऐकू येतो. उषाबाईने त्याला पाणी दिलं. चहा टाकला. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग म्हणाला, "ताई, लेवाले उनू. चाल आखाजीले."

पलीकडे तिने चहा गाळल्याचा आवाज आला.

"पहिले एक दिवस कामरेजले जाऊत. मंग तठूनच गावले." मग आवाज बारीक करून म्हणाला, "झाडं मरी राहिनात, ताई. तू सांगं तसंच समदं कयं. राख लायी, पानी निवाडीसन घालं. तरी पानं पिवळी पडतस. शेठ माले बोलस. तू एक डाव देखी ले फक्त."

मला माहीत होतं, ती जाईल. झाडं मरताहेत म्हटल्यावर ती बाई कशी थांबेल? प्लेगात परत आलेली बाई ती. शिवाय दारात साऱ्या चाळीदेखत मुराळी उभा. धुरपदाबाईने तर आत डोकावून म्हटलंसुद्धा, "बरं शे व उषाबाई, यंदा बी भाऊ उना." एकदा हो म्हटलं की माहेर, झाडं, चाळीतला मान, सगळं एका दमात परत. आणि मला आतून आवाज आला तो ट्रंक ओढल्याचा.

मी न राहवून तिच्या दाराशी गेले. उषाबाईने ट्रंक उघडली होती. तळातून ती हिरवी साडी काढली, घडी होती तशीच, आणि योगराजने आणलेल्या नव्या पुड्यावर ठेवली. दोन्ही उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"तू जाय भाऊ," ती म्हणाली. "माले जमाव नही."

"काब्रं, ताई?"

तिने मागचं दार सताड उघडलं. बोळ समोर होता. ओली भिंत, फुटक्या कुंडीची खापरं, आणि कडेने ओळीने ते खड्डे.

"मना झाडंस्ले पानी कोन घाली?"

योगराजने त्या खड्ड्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच होती, रागाने नव्हे, लहान मूल काय उत्तर देतं ते ऐकायला बघतात तशी. साड्या काखेत घेऊन तो निघाला. उंबऱ्यात त्याची चप्पल अडखळली. नळावरच्या बायका बाजूला झाल्या, आणि धुरपदाबाईने पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

तो गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत उषाबाई उभी होती. मग तिने माठातलं निवलेलं पाणी तांब्यात घेतलं. ते पाणी वर्षभर ती रोज भरून ठेवत होती, हे मला त्या दिवशी कळलं. बोळात जाऊन तिने पहिल्या खड्ड्यात पाणी घातलं, बेताचं, झाडाला घालायची तेवढंच. मग दुसऱ्या खड्ड्यात. मी तिच्या मागे उभी होते. तांब्या रिकामा झाला तेव्हा तिने तो माझ्याकडे दिला, आणि मी माठाशी जाऊन भरून आणला.